पहिला पोपट घेताय? आधी पिंजरा पंधरा दिवस रिकामा टांगा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. ठाण्यात सातव्या मजल्यावर टू बीएचके, तुम्ही दोघं नोकरीला, मुलगा दहा वर्षांचा, सासूबाई सत्तरीच्या आणि त्यांना दमा. मुलाला दिवाळीच्या आठवड्यातल्या वाढदिवसाला बोलणारा पोपट हवाय. एक विक्रेता तुम्हाला सांगतोय की डोळेही न उघडलेलं हिरव्या पोपटाचं पिल्लू घ्या, हाताने भरवा, म्हणजे लळा लागतो आणि लवकर बोलतो. तुम्ही विचारताय, घ्यावं का? आणि नाही तर कोणता घ्यावा?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो. नाही. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, कारण मी गेली बावीस वर्षं पक्षी पाळतोय आणि या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही असं घरचेही म्हणतात.

हिरवा पोपट, म्हणजे आपला राघू, गळ्याला कंठ असलेला, पेरूच्या बागेत थव्याने येणारा, हा रानातला पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट आणि जांभळट डोक्याचा छोटा पोपट हेही तसेच. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळंच गुन्हा. ‘आमच्या आजोबांकडे होता’ हे खरंय. माझ्या वडिलांकडेही होता, सांगलीच्या घरात, ओटीवर घुमटाकार पिंजऱ्यात. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मिरची आणि सकाळी दूधपोळी खायचा. आजीला तिच्या नावाने हाक मारायचा आणि गल्लीत त्याचं फार कौतुक होतं. त्याला दोन्ही पंख एकदम पसरता येतील एवढीही जागा त्या पिंजऱ्यात नव्हती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पंचविशी ओलांडली होती. शेपटीची पिसं नेहमी झिजलेली असायची. आम्हाला वाटायचं राघूची शेपटी अशीच असते.

शिवाय ही पिल्लं येतात कुठून, ते पाहा. झाडाच्या ढोलीतून काढलेली. एकेका घरट्यातली सगळी उचलतात, टोपलीत कोंबतात, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत जी जगतात ती विकतात. तुम्ही एक घेतलंत की पुढच्या हंगामात ती ढोली पुन्हा रिकामी होते. कुणाकडे असा पोपट आधीच असेल तर त्याने तो गॅलरीतून सोडून देऊ नये. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, कावळे दुपारपर्यंत त्याला संपवतात. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे फोन करून रीतसर सोपवावा.

आता ते ‘डोळे न उघडलेलं पिल्लू’. ही थाप परदेशी जातींच्या बाबतीतही सर्रास मारली जाते. पिल्लू भरवणं हे कसबाचं काम आहे. लापशी जराशी जास्त गरम झाली की छातीशी असलेली अन्नाची पिशवी आतून भाजते आणि काही दिवसांनी कातडीला भोक पडतं. थंड झाली तर अन्न तिथेच साचून आंबतं. सिरिंज चुकीच्या बाजूने घातली तर लापशी श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू तुमच्या हातात गुदमरतं. दर दोन-तीन तासांनी भरवायचं असतं, आणि तुम्ही दोघं आठ तास ऑफिसला. लळ्याचं म्हणाल, तर स्वतःहून दाणे खायला लागलेलं, माणसांच्या सहवासात वाढलेलं तरुण पिल्लू तितकाच लळा लावतं. विक्रेत्याला घाई असते, कारण जितक्या लवकर पिल्लू गेलं तितका त्याचा भरवण्याचा खर्च आणि धोका तुमच्या गळ्यात पडतो.

मग कोणता? तुमच्या घरासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: बजरीगरचे दोन तरुण नर. पाळणारे त्यांना नुसतं ‘बजी’ म्हणतात. आणि दुकानदार ज्यांना ‘लव्हबर्ड्स’ म्हणून विकतात ते बहुतेक वेळा हेच असतात, त्यामुळे गोंधळू नका. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, जाड चोचीचे आणि चांगलेच चावरे. बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातले, लांब शेपटीचे, मानेवर आणि पाठीवर बारीक आडव्या रेघा असलेले. वजन ३० ते ४० ग्रॅम.

‘पण हे छोटे, पोपट कुठे वाटतात?’ असं मुलगा म्हणेल. त्याला सांगा, बजी पक्का पोपटच आहे, वाकडी चोच, दोन बोटं पुढे दोन मागे. आणि बोलण्याचंच म्हणाल तर सर्वाधिक शब्द येणारा पक्षी म्हणून गिनीज बुकात ज्याची नोंद झाली तो पक नावाचा बजीच होता, १,७२८ शब्दांचा धनी. अर्थात तुमचा बजी एकही शब्द न बोलता आयुष्य काढेल हीही शक्यता आहे, आणि दोन असले की ते माणसापेक्षा एकमेकांशीच जास्त बोलतात. बोलला तरी आवाज बारीक आणि भरभर, जुन्या टेपची गती वाढवल्यासारखा. फक्त बोलण्यासाठी पोपट आणू नका. न बोलणारे पोपट वर्षभरात लोकांना नकोसे होतात, मग माझ्यासारख्याला फोन येतात, ‘तुमच्याकडे ठेवता का?’

मी कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, का सुचवत नाही? एरवी पहिल्या पक्ष्यासाठी मी डोळे झाकून कॉकाटील सांगतो. दुकानात त्याला ‘कॉकटेल’ म्हणतात, हसू नका. शांत, शिट्टी सुंदर वाजवतो, चावरा नाही. पण त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी पडते. काळ्या टेबलाशेजारी पिंजरा ठेवा, दोन दिवसांत बोटाने नाव लिहिता येईल. घरात दम्याचा पेशंट असताना हा पक्षी नको. आफ्रिकन ग्रे या मोठ्या करड्या पोपटाचंही तेच, भुकटी भरपूर. बजींची पडत नाही असं नाही, पण खूपच कमी. तरीही सासूबाईंच्या छातीच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि बजी पाळणाऱ्या कुणाच्या तरी घरी त्यांना एक-दोनदा तासभर बसवून आणा. पक्ष्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसाला कायमची सूज येते, हे खरं दुखणं आहे, कबुतरांमुळे शहरात आता बरेच जण ते ओळखतात. डॉक्टर नको म्हणाले तर मुलाला माशांची टाकी घ्या. इथे हट्ट चालत नाही.

कायद्याचा आणखी एक पदर आहे, तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. परदेशी पक्षी पाळायला आपल्याकडे पूर्वी मोकळं रान होतं. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले पक्षी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागू लागली. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. जगातले जवळजवळ सगळे पोपट त्या यादीत आहेत. बाहेर आहेत त्या फक्त चार जाती: बजी, कॉकाटील, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड, आणि गंमत म्हणजे आपला राघू. राघू त्या यादीत नसला तरी इथला रानपक्षी म्हणून आपल्या कायद्याने बांधलेला आहेच, त्यामुळे ‘यादीत नाही, मग चालतो’ असं कुणी सांगितलं तर फसू नका. कोन्युर, मकाव, ग्रे, फिशर लव्हबर्ड यांपैकी काही घेणार असाल तर पावती आणि नोंदणीच्या कागदांशिवाय हात लावायचा नाही. ग्रे तर सर्वांत कडक परिशिष्टात आहे, २०१७ पासून. तुम्ही बजी घेतलेत तरी बिल मागाच.

आयुष्याचाही हिशोब करा. बजी नीट ठेवला तर सात-आठ वर्षं, कधी दहा. कॉकाटील पंधरा-वीस. छोटे कोन्युर वीसच्या पुढे. ग्रे चाळीस-पन्नास, म्हणजे तो तुमच्या सुनेला सांभाळावा लागेल, आणि ती अजून कुठल्या तरी शाळेत चौथीत आहे. दहा वर्षांच्या मुलासाठी बजी या बाबतीतही बरोबर बसतो. तो कॉलेजला जाईपर्यंतची ही सोबत.

आता माझी अट. पक्षी आणायच्या आधी पिंजरा आणा आणि पंधरा दिवस रिकामा ठेवा. लोक हसतात. पण या पंधरा दिवसांत घरच तुम्हाला सांगतं की काय चुकणार आहे. सकाळी नऊला त्या कोपऱ्यात ऊन येतं का आणि अकराला ते थेट पिंजऱ्यावर तापतं का? फोडणीचा ठसका तिथवर पोचतो का? देवघराची उदबत्ती किती अंतरावर आहे? टीव्ही रात्री साडेअकराला बंद होतो की बाराला? आणि मुख्य म्हणजे, रोज सकाळी सात वाजता तळाचा कागद बदलायचं नाटक करा. बदललेला कागद कोराच असेल, तरी बदला. चौथ्या दिवशी ते काम कुणाच्या अंगावर येऊन पडलंय ते कळेल. बहुधा तुमच्याच.

पिंजरा घेताना लोक उंची बघतात. पक्षी सरळ वर उडत नाही, आडवा उडतो. दोन बजींना निदान ३० इंच लांब, १८ इंच खोल, १८ इंच उंच एवढा हवाच, याहून मोठा परवडला तर उत्तम. सळ्यांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या वर नको, डोकं अडकतं. गोल पिंजरा, घुमट, देवळासारखं शिखर, असलं काही नको. पक्ष्याला बिथरल्यावर मागे सरकून बसायला कोपरा लागतो, गोलात तो मिळत नाही. साध्या गॅल्व्हनाइज्ड जाळीचा पिंजरा स्वस्त पडतो, पण नव्या जाळीवरचं जस्त पक्षी चोचीने खरवडून खातो आणि विषबाधा होते. घ्यायचाच असेल तर व्हिनेगर आणि ताठ ब्रशने खसाखसा घासून, भरपूर पाण्याने धुवून, चार दिवस उन्हात ठेवा.

पिंजऱ्याबरोबर ज्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या येतात त्या काढून टाका. दिवसरात्र एकाच जाडीच्या दांडीवर उभं राहून तळपायाला फोड येतात. पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्या आणा, करंगळीपासून अंगठ्याएवढ्या वेगवेगळ्या जाडीच्या, औषध फवारलेल्या नसलेल्या. धुवून, वाळवून लावा. साल कुरतडायला मिळते हा वेगळा फायदा. खाण्यापिण्याची भांडी दांडीच्या खाली येणार नाहीत असं बघा, नाहीतर त्यांचंच मलमूत्र पाण्यात. मुंग्यांचा त्रास असेल तर स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, आपल्या आज्या दुधाच्या कपाटाला करायच्या तसं.

आणि हो, मडकं टांगू नका. दुकानदार पिंजऱ्याबरोबर दोन मडकी फुकट देतो. ते घरटं आहे. मडकं दिसलं की मादी अंडी घालायला लागते, एकामागून एक, अंगातलं कॅल्शियम संपेपर्यंत, आणि एखादं अंडं अडकलं की ती मरते. तुम्हाला पैदास करायची नाही. म्हणूनच दोन नर सांगितले. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना रक्त काढेपर्यंत भांडतात असा माझा अनुभव आहे.

नर-मादी ओळखायची खूण चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीच्या मांसल पट्टीवर. मोठ्या नराची ती निळी, मादीची तपकिरी किंवा फिकट पांढुरकी. लहान पिल्लांत जरा नीट बघावं लागतं: नराची सगळीकडे सारखी गुलाबी-जांभळट, मादीच्या नाकपुड्यांभोवती पांढरी कडी. पूर्ण पिवळ्या आणि पूर्ण पांढऱ्या बजींत ही खूण फसवते, त्यांच्यात मोठा नरही गुलाबीच राहतो, म्हणून पहिल्यांदा हिरवे किंवा निळे घ्या. वयाची खूण कपाळावर. आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत उतरल्या असतील आणि डोळा सगळा काळा दिसत असेल तर पक्षी चार महिन्यांच्या आतला. पहिल्यांदा पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं आणि पुढे बुबुळाभोवती पांढरी कडी दिसू लागते. दीड-दोन महिन्यांचा, स्वतः दाणे सोलून खाताना तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला पक्षी घ्यायचा.

दुकानात जाल तेव्हा पंधरा मिनिटं नुसते उभे राहा. माणूस जवळ आला की आजारी पक्षीही उसनं अवसान आणतो, कारण रानात आजारी दिसला तो मेला. तुमच्याकडे दुर्लक्ष व्हायला लागलं की खरं दिसतं. पिसं फुगवून, दोन्ही पायांवर, डोळे मिटून बसलेला, श्वासागणिक शेपूट खालीवर करणारा, पार्श्वभागाची पिसं चिकटलेली, चोचीवर खडूसारखी भोकाभोकांची खपली असलेला पक्षी नको. त्या पिंजऱ्यातला एक जरी असा असला तर त्या पिंजऱ्यातला कुठलाच नको. दया येऊन घेऊ नका. मी घेतलेत, आणि एकाबरोबर माझे घरचे तीन गेले.

खाण्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे दाणे घातले की झालं. दुकानातलं मिश्रण म्हणजे राळा, बाजरी आणि वर थोडं सूर्यफूल. दुकानदार राळ्याला कांगणी म्हणतो. नुसत्या दाण्यांवर बजी जगतो, पण अ जीवनसत्त्व मिळत नाही, यकृतावर चरबी चढते आणि चार वर्षांत संपतो, मग लोक म्हणतात ‘यांचं आयुष्यच तेवढं’. रोज सकाळी आधी भाजी द्या, दाणे नंतर. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग आणि मटकी. हिरवी मिरचीही चालते, पक्ष्यांना तिखट लागतच नाही, राघू मिरची कशी कचाकचा खातो याचं रहस्य एवढंच. पहिले दहा दिवस ते भाजीकडे विंचू बघावा तसे बघतील. कोथिंबिरीची ओली जुडी छताला उलटी टांगा, त्यात अंघोळ करता करता खायला शिकतात. पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, मिळतात, चांगल्याही असतात, पण एकदम बदलू नका, बजी उपाशी मरेल पण अनोळखी वस्तूला अन्न मानणार नाही.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्री जीवाचं पांढरं, हलकं हाड. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, कोकणातल्या किनाऱ्यावर फुकट सापडतो, तो असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून वाळवा. सळीला अडकवून ठेवा.

बंद म्हणजे बंद अशा गोष्टी: चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारवलेलं काहीही, सफरचंदाच्या आणि सीताफळाच्या बिया. अॅव्होकाडो तर एक तुकडाही नाही, त्यातल्या घटकाने पक्ष्याचं हृदय बंद पडतं. आणि सासूबाईंना हळूच सांगा, दूधपोळी नाही. पक्ष्याला दूध पचवताच येत नाही.

नवशिक्यांकडे पक्षी उपाशी मरतात ते एका साध्या चुकीने. बजी दाणा सोलतो आणि फोल तिथेच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, आत नुसता कोंडा. मुलाला शिकवा: रोज वाटी हातात घ्यायची, फुंकर मारायची, मग बघायचं. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. पाण्यात रंगीत जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका, पाणी नासतं आणि चव बदलली म्हणून ते पीत नाहीत.

आता हवा. इथे मी जरा जास्त बोलणार आहे. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं नसतं, हवा त्यातून एकाच दिशेने सतत वाहते, पुढे-मागे हवेच्या पिशव्या असतात, म्हणून हवेतलं विष त्याच्या अंगात आपल्या कितीतरी आधी भिनतं. नॉनस्टिक तवा रिकामा, मोठ्या आचेवर विसरला गेला की त्याच्या लेपातून जो वायू निघतो त्याला आपल्याला वासही येत नाही. माझ्याकडे सँडविच टोस्टर होता. शेजारच्या खोलीत दोन कॉकाटील. टोस्टर चालू राहिला, मी फोनवर बोलत होतो. अर्ध्या तासात दोन्ही तळाला पडले, डॉक्टरांकडे नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात लोखंडी तवा आणि बिडाचं घावनपात्र. तुम्हाला भांडी बदलणं जमत नसेल तर पक्षी आणू नका, इतकं स्पष्ट सांगतो. मच्छर कॉइल, लिक्विडची मशीन, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, परफ्यूमचे फवारे, हे सगळं पक्ष्याच्या खोलीत बंद. झुरळांची फवारणी किंवा घराला रंग असेल तेव्हा पक्षी काही दिवस दुसऱ्यांच्या घरी.

याच्या बरोबरीने मारतो तो छताचा पंखा. पक्षी रोज तास-दोन तास पिंजऱ्याबाहेर उडायला हवा, त्याशिवाय पाळण्यात अर्थ नाही. पण दार उघडण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, काचेवर पडदा, बाथरूमचं दार बंद. बाथरूम कशाला? भरलेली बादली. त्यात पडलेला बजी दोन मिनिटांत बुडतो. सातव्या मजल्यावर गॅलरीला पक्ष्यासह जायचंच नाही, ‘खांद्यावर बसून राहतो हो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा पक्षी एक दिवस गेलेला मी पाहिलाय. पंख छाटून घ्यायचा सल्ला देतील. मी छाटत नाही. छाटलेला पक्षी वाऱ्यावर तरंगत खाली जातोच, फक्त परत वर येऊ शकत नाही.

आल्यावर पहिले तीन-चार दिवस काहीच करू नका. हात आत घालायचा तो फक्त अन्न-पाण्यासाठी. मुलाने पिंजऱ्याजवळ बसून अभ्यासाचा धडा मोठ्याने वाचावा, तेवढं पुरे. आठवड्याने राळ्याचं कणीस हातात धरून सळीबाहेरून द्यायचं, मग दारातून, मग तळहातावर. कुणाला आठवडा लागतो, कुणाला तीन महिने. पकडून, मुठीत दाबून ‘माणसाळवणं’ ही जुनी रीत आहे, त्याने पक्षी माणसाळत नाही, खचतो. रात्री दहा-बारा तास शांतता आणि अंधार हवा, म्हणजे टीव्हीच्या हॉलमध्ये असेल तर आठलाच पातळ सुती चादर, एक बाजू हवेला उघडी.

एक वस्तू आजच घ्या: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. दर रविवारी वजन, वहीत नोंद. ३५ ग्रॅमचा पक्षी ३१ वर आला तर बाहेरून तो ठणठणीत दिसत असला तरी आजारी आहे. पिसं फुगवून तळाला बसला तर ‘उद्या बघू’ नाही. एका बाजूने बल्बची ऊब द्या, त्याला नको झाल्यास सरकता येईल अशी, आणि निघा. त्यासाठी पक्ष्यांचं जाणणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवायला हवा, कुत्र्या-मांजरांचे सगळे पक्षी तपासत नाहीत. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय आहे, तुमच्या जवळपास कोण आहे ते फोन करून विचारा, ‘पक्षी बघता का, वजन मोजून औषध देता का?’ दोनशे रुपयांच्या पक्ष्याला सातशे रुपयांची तपासणी कशाला, असं घरात कुणी तरी म्हणणार. ते उत्तर आत्ताच ठरवून ठेवा.

खर्चाचं तसंच. बजींची जोडी स्वस्त असते, पिंजरा, काटा आणि भांडी मिळून तिच्या कितीतरी पट जातील. आणि मे महिन्यात गावाला जाताना शेजारच्या काकू दाणे घालतील का हेही विचारून ठेवा.

राहिला वाढदिवस. दिवाळीच्या आठवड्यात नवा पक्षी घरात आणू नका. फटाक्यांच्या आवाजाने ते रात्री अंधारात पिंजऱ्यात धडपडतात, पंख मोडतात, आणि धूर वेगळा. वाढदिवसाला मुलाला रिकामा पिंजरा द्या, सोबत काटा आणि कोरी वही. पेरूच्या फांद्या त्यालाच शोधून, घासून, लावू द्या. पंधरा दिवस कागद त्यानेच बदलायचा. तुळशीच्या लग्नापर्यंत फटाके थांबतात, मग एखाद्या रविवारी सकाळी जाऊन दोघं घेऊन या, सकाळीच, म्हणजे अंधार पडायच्या आत त्यांना अन्न-पाणी कुठे आहे ते सापडेल. आणि हॉलच्या पंख्याच्या बटणावर आज रात्रीच चिकटपट्टी लावून टाका, सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच.